नलूआत्या गहाळ होते

मुलांनो, आधी हातातली पेन्सिल खाली ठेवा आणि एक चित्र डोळ्यांपुढे आणा. तुमच्या घराच्या ओटीवर एक गुरुजी बसले आहेत. त्यांच्या मांडीवर मोठा थोरला कागद आहे. ते विचारतात, घरात माणसं किती? घरातलं एक मोठं माणूस सांगतं, पाच. आणि तुम्ही तिथंच, हातभर अंतरावर उभे आहात, आणि तुम्ही सहावे आहात. आता काय कराल? तुम्ही म्हणाल, हात वर करू. वर्गात तशी सवयच असते. पण तुमच्या हातात चहाचा कप आहे, आणि तो काठोकाठ भरलेला आहे.

नलूआत्याच्याही हातात कप होता.

एकोणीसशे एक्याण्णवचा फेब्रुवारी महिना होता. बोईसरहून तारापूरकडे जाताना समुद्राच्या अंगाला मच्छीमारांची एक वस्ती लागते. तिथं पुंडलिकचं घर होतं. घरात पुंडलिक, त्याची बायको गोजराबाई, कारखान्यात जाणारा मुलगा भगवंत, सून सुगंधा आणि तिसरीत शिकणारी नात जमुना. झाली पाच. सहावी पुंडलिकची धाकटी बहीण, नलूआत्या. ती तरुणपणी सासरहून परत आली आणि तेव्हापासून इथंच होती. का परत आली ते सांगत बसलो तर गोष्ट आजच्या तासात संपायची नाही.

दर दहा वर्षांनी सरकार देशातली सगळी माणसं मोजतं. त्याला जनगणना म्हणतात. मोजायला बहुधा शाळेतले गुरुजी जातात, कारण मोजण्याची सवय त्यांनाच असते आणि नाही म्हणण्याची सवय नसते. या वस्तीवर जमुनेचेच वर्गशिक्षक आले होते, पंढरी गुरुजी. घाटावरचा माणूस, सरळ, दमलेला. त्यांच्यापुढे एक अडचण होती. 'कुटुंबात किती माणसं?' असं विचारलं की लोक मुंबईला गेलेला मुलगा सांगत, नांदायला गेलेल्या मुली सांगत, एका म्हातारीनं तर वारलेला नवराही सांगितला होता. सरकारला हवी होती एका चुलीवर जेवणारी माणसं. मग गुरुजींनी एक युक्ती काढली. ते विचारू लागले, "तुमच्याकडे एका वेळी किती पानं वाढता?"

युक्ती हुशार होती. पण हुशार युक्तीला कुठंतरी एक भोक असतंच.

गोजराबाईनं क्षणभरही विचार न करता सांगितलं, "पाच."

आणि ते खरंच होतं. पाच पानं वाढली जात. ती वाढायची नलूआत्या. ती स्वतः मागाहून, सगळ्यांचं आवरल्यावर, उंबऱ्याशी बसून पातेल्यातच भात कालवून घ्यायची. तिचं पान कधी वाढलंच जात नसे, मग ते मोजणार कोण?

नलूआत्या वाट पाहत उभी राहिली. तिला वाटलं, आता दादा म्हणेल. दादानं सुपारी कातरली. तिला वाटलं, आता सुगंधा म्हणेल. सुगंधा जमुनेची वेणी घालत होती. गुरुजींनी पाच नावं लिहिली, पुंडलिकची सही घेतली आणि चहा प्यायले. कप परत देताना म्हणाले, "बाई, साखर जरा जास्त पडली." म्हणजे ती दिसत नव्हती असंही नव्हतं.

तसं पाहिलं तर नलूआत्याला याची सवय व्हायला हवी होती. पूर्वी कासार दारात थांबून म्हणायचा, "ताई, हिरवा चुडा आलाय." मग काही वर्षं तो "मावशी" म्हणायचा. आता तो अंगणात येऊन तिच्याकडेच बघून विचारी, "घरात कोण हाय का?" एस.टी.चा कंडक्टर तिच्या डोक्यावरून हात लांबवून मागच्या मुलीला तिकीट देई. बाईच्या वयाला एक रेघ असते. ती ओलांडली की लोक तिच्याकडे बघत नाहीत, ती बाजूला होण्याची वाट बघतात. नलूआत्या बाजूला होत आली होती. पण बाजूला होणं वेगळं आणि बेरजेत नसणं वेगळं, असं तिला त्या दिवशी वाटलं.

रात्रीची भांडी घासताना ती म्हणाली, "वैनी, मी राहिले."

"कशातनं?"

"मोजणीतनं."

गोजराबाई हसली. "अगो, तू घरचीच हाय. घरच्या माणसाला काय मोजायचं?"

हे इतकं प्रेमानं म्हटलेलं होतं की त्यावर भांडताही येईना. नलूआत्या भावाकडे गेली. पुंडलिक म्हणाला, "सरकार काय वाटणार हाय का? काय नाय वाटणार. मग आत असलीस काय नि भायेर असलीस काय."

"पुढची मोजणी धा वर्षांनी हाय, दादा."

"मग?"

"तवर मी असेन का नसेन. शिक्क्याच्या कागदावर माझं नाव कुठंच नाय. रेशनकार्ड नवीन केलं तवा सुटलं. मतदानाच्या यादीत मी पुरुष हाय."

हे खरं होतं. यादीत 'नळू, पु.' असं छापलेलं होतं आणि गेल्या दोन निवडणुकांत तिनं पुरुष म्हणून मत दिलं होतं. कुणी हरकतही घेतली नव्हती. तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

पुंडलिकनं पान तोंडात घातलं. "आता सही केली मी. परत जाऊन सहा म्हणालो, तर मी खोटा ठरेन."

झालं. एका माणसाचा शब्द खोटा पडू नये म्हणून दुसरं माणूसच नसलेलं बरं, असा तो हिशेब होता. मुलांनो, असा हिशेब तुमच्या पुस्तकात नाही. पण तो तुम्हाला पुढं पुष्कळ ठिकाणी भेटेल, म्हणून आताच ओळखून ठेवा.

सकाळी विहिरीवर सल्ले सुरू झाले. मासे विकणारी मंजुळा म्हणाली, "नाय मोजलं तेच बरं. मोजलेली बोयटी पाटीत कमी भरते." मच्छी मोजली की घटते, अशी तिची पक्की समजूत होती. नलूआत्या म्हणाली, "मी काय बोयटी हाय?" मंजुळा म्हणाली, "आता नायस गो. आता सुका बोंबील." सगळ्या हसल्या. नलूआत्याही हसली, कारण हसली नसती तर तेही कुणाच्या लक्षात आलं नसतं.

तिला खरा सोबती मिळाला तो मागच्या खोलीत. पुंडलिकनं घराच्या मागं एक खोली भाड्यानं दिली होती. तिथं कमलाकांत राहत. वय साठीला टेकलेलं, कारखान्यात नकाशे काढायचं काम संपवून निवृत्त झालेले, अजूनही रोज इस्त्रीचा सदरा घालणारे. या खोलीत ते आणि एकनाथ सतरा वर्षं राहिले. दोघं एकाच चुलीवर जेवत, एकाच दोरीवर कपडे वाळत घालत. ते एकमेकांचे कोण होते, असं तुम्ही विचाराल. जमुनेनंही विचारलं होतं. नलूआत्यानं तिला सांगितलं होतं, "घरचे." तेवढं पुरे आहे, पण तुम्ही मोठे होणार आहात म्हणून थोडं अधिक सांगायला हवं. दोन माणसं आयुष्यभराच्या प्रेमानं एका घरात राहतात, तशी ती दोघं राहत होती आणि दोघंही पुरुष होते. वस्तीवर याला चांगला शब्द नव्हता. आणि ज्या गोष्टीला शब्द नसतो तिच्या आरपार मोठ्या माणसांना थेट पलीकडची भिंत दिसते.

एकनाथ दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचे पुतणे आले आणि त्यांना गावी घेऊन गेले. कमलाकांतांना कुणी चला म्हटलं नाही. रजेच्या अर्जावर 'मयताशी नाते' असा रकाना होता. त्यावर ते बराच वेळ पेन धरून बसले आणि मग अर्ज फाडून कामावर गेले. त्यानंतर त्यांनी चूल पेटवली नाही. खाणावळीत जेवू लागले.

"मीही राहिलो, नलूताई," ते म्हणाले. "गुरुजींनी दारातून डोकावून विचारलं, किती पानं वाढता? मी म्हटलं, एकही नाही. ते म्हणाले, बरं, आणि गेले. त्यांना वाटलं असेल, खोली रिकामीच आहे."

"मागल्या टायमाला तुमी दोघं होता ना?"

"होतो की. एक्याऐंशी साली. त्या गुरुजींनी एकनाथला कुटुंबप्रमुख केलं आणि मला विचारलं, प्रमुखाशी तुमचा संबंध काय? आम्ही दोघंही गप्प. मग त्यांनी आपणच लिहिलं, 'संबंध नाही.' पुढं आठवडाभर एकनाथ मला म्हणायचा, ओ संबंध नाही, जरा भाजी वाढा." ते हसले, मग चष्मा काढून उगाचच पुसत राहिले. "आता तर तेवढंही कुणी लिहीत नाही. परवा पालघर स्टेशनजवळच्या बागेत बसलो होतो. पूर्वी तिथं आमच्यासारखे चार जण यायचे, गप्पा व्हायच्या. आता तरुण पोरं येतात. एकानं पिशवी ठेवली. माझ्याशेजारी नाही, माझ्या मांडीवर. बाकडंच समजला."

"मग तुमी काय केलंत?"

"सांभाळली पिशवी. तो परत येईपर्यंत."

दोघांनी मिळून सरकारकडे जायचं ठरवलं. पण सरकारकडे नुसतं जाता येत नाही, अर्ज लागतो. वस्तीवर अर्ज लिहायचा तो चिंतूनं. चिंतू दोनदा दहावीला बसला होता आणि दोन्ही वेळा मराठीतच गेला होता, त्यामुळे त्याचा भाषेवर राग होता. त्याला साधा शब्द चालत नसे. नलूआत्यानं सांगितलं, "लिही, मी मोजणीतनं राहिले." चिंतू म्हणाला, "राहिले हा काय कचेरीतला शब्द हाय का?" आणि त्यानं लिहिलं: 'सदर इसम नामे नलू ही दिनांक बारा फेब्रुवारीपासून राहत्या घरातून गहाळ झाली असून तिचा शोध घेण्यात यावा ही नम्र विनंती.'

वाचून दाखवल्यावर नलूआत्याला ते फार भारदस्त वाटलं. कमलाकांतांना 'गहाळ' खटकलं, पण तिचा चेहरा इतका खुलला होता की ते काही बोलले नाहीत. दुसऱ्यांच्या आनंदात व्याकरण काढू नये, असं त्यांचं मत होतं. ते मत चांगलं आहे, पण अर्जाच्या बाबतीत पाळू नये.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून नलूआत्या एस.टी.नं पालघरला गेली, बरोबर कमलाकांत. कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्या. शेवटी एका कारकुनानं अर्ज वाचला आणि मान न उचलता म्हणाला, "गहाळ व्यक्तीची तक्रार इथं नाही. पोलीस चौकीत द्या." कमलाकांत समजावू लागले, तोवर त्याचा जेवणाचा डबा उघडला होता.

चौकीत हवालदारानं मोठी वही पुढं ओढली. "कोण हरवलंय?"

"मी," नलूआत्या म्हणाली.

हवालदारानं दिवसभरात बरंच काही ऐकलं असावं, कारण त्यानं तसंच लिहायला घेतलं. "नाव?"

"नलू."

"तुमचं नाही, हरवलेलीचं."

"तेच हाय."

"वय?"

"तुमीच बघा नि लिवा."

हवालदारानं बघितलं नाही. साठ लिहिलं. "कधीपासून बेपत्ता?"

नलूआत्यानं बारा फेब्रुवारी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न सरकारी होता आणि खोटं सांगून चालणार नव्हतं. तिनं बोटांवर मोजलं. शेवटची भाऊबीज कधी झाली, भगवंतच्या लग्नात तिला फोटोत उभं केलं होतं की नव्हतं, ताई म्हणणारा माणूस शेवटचा कधी भेटला. मग ती म्हणाली, "वीस-एक वर्षं झाली असतील."

"शेवटचं कुठं दिसली?"

"सैपाकघरात."

"कुणाला?"

नलूआत्यानं पुन्हा बोटं पुढं धरली आणि मिटली. हवालदारानं आता मान वर केली. "बाई, तुम्ही माझ्यासमोर बसलेल्या आहात."

"दिसते ना?" नलूआत्या पुढं सरकली. "मग तेवढंच लिवून द्या. दिसली म्हणून. खाली शिक्का मारा."

पण सापडलेल्या माणसाची तक्रार घेता येत नाही आणि न हरवलेल्या माणसाला सापडल्याचा दाखला देता येत नाही. हवालदारानं वहीतलं नाव आणि साठ खोडलं. येताना एस.टी.त कमलाकांत म्हणाले, "निदान पाच मिनिटं तुमचं नाव सरकारी वहीत होतं." ठेवणीतल्या लुगड्याला बाकाचं ग्रीस लागलं होतं, नलूआत्या ते नखानं काढत होती.

मग ती दोघं शाळेत गेली. मधली सुट्टी होती. पंढरी गुरुजी व्हरांड्यात कागदांचा गठ्ठा बांधत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते. आधी चौथीचा वर्ग, मग तिसरीचा, मग सव्वाशे घरं, आणि वर पर्यवेक्षकाची बोलणी, असं त्यांचं महिनाभर चाललं होतं.

"माझी बेरीज लागलीय, बाई," ते म्हणाले. "आता एक वाढवला तर सगळ्या पानांची बेरीज बदलते. आणि घरातली माणसं सांगायची ती कुटुंबप्रमुखानं. तुमच्या भावानं पाच सांगितली, खाली सही आहे. त्यांनी म्हटलं पाहिजे की सहा."

"तो नाय म्हणत."

"एक ते पाच मार्चला परत फेरी असते. पण तेव्हा मधल्या काळात कोण जन्मलं आणि कोण मेलं एवढंच विचारतात." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं. "तुम्ही दोन्हींत बसत नाही."

"मग मी बसते कशात?"

गुरुजींनी गठ्ठ्याला गाठ मारली. बोलायला काहीतरी हवं म्हणून ते म्हणाले, "आता ज्यांना घरच नाही, त्यांचीसुद्धा मोजणी असते. अठ्ठावीस तारखेला, दिवस मावळल्यावर. स्टेशनावर, पुलाखाली. सरकार कुणाला सोडत नाही, बाई."

हे वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं.

अठ्ठावीसला संध्याकाळी लवकर भाकऱ्या थापून नलूआत्या बोईसर स्टेशनावर जाऊन बसली. कमलाकांत नको नको म्हणत बरोबर आले. फलाटाच्या टोकाला गोणपाट अंथरून दहा-बारा माणसं होती. कामाच्या शोधात आलेला एक परप्रांतीय म्हणाला, "अम्मा, इधर जगह नहीं है, उधर देखो." उधर काशीबाई नावाची एक भीक मागणारी म्हातारी होती. तिनं सरकून जागा दिली आणि दोघांना खालून वर न्याहाळलं.

"मोजायला बसलाव?" ती म्हणाली. "मग असं नाय चालायचं. लुगडं लय धुतलेलं हाय तुझं. केसांना तेल कशापायी? आणि या बाबाला सांग, इस्त्री मोड."

कमलाकांतांनी सदरा चुरगळायचा प्रयत्न केला, पण चाळीस वर्षांची सवय, दोन मिनिटांत पुन्हा हातानं सारखा केला. काशीबाईनं नलूआत्याच्या केसांत धूळ घातली. "चेहरा पाड," ती म्हणाली. नलूआत्यानं पाडला. "तो बराय," काशीबाई म्हणाली, "तो जमतो तुला."

आठच्या सुमारास एक पोरगेलासा कारकून बॅटरी घेऊन आला. तो आधी कमलाकांतांपाशी थांबला आणि अदबीनं म्हणाला, "सर, आपण तपासणीला आलात का?" कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे पाहून बोललं होतं. कमलाकांत ताठ झाले. हो म्हणण्याचा मोह त्यांना झालाही असेल. पण ते म्हणाले, "नाही. मी मोजून घ्यायला आलोय." कारकुनानं बॅटरी खाली केली, आणि तिच्याबरोबर नजरही.

"तुम्ही बेघर आहात का, आजी?" त्यानं नलूआत्याला विचारलं.

नलूआत्यानं खोटं बोलायचं ठरवून आणलं होतं. पण घर नाही असं म्हणायला तिची जीभ रेटेना. त्या घराच्या भिंती तिनं दर दिवाळीला सारवल्या होत्या. "घर हाय माझं," ती म्हणाली.

"मग घरी जा ना."

"घरात मी नाय."

"म्हणजे? मग कुठे आहात?"

"ही काय. हितं."

"पण तुम्ही इथं राहत नाही."

"नाय."

कारकून विचारात पडला. त्याला दिलेल्या पुस्तिकेत घर असलेले होते आणि घर नसलेले होते. घर असून घरात नसलेल्यांविषयी एकही ओळ नव्हती. त्यानं काशीबाईचं नाव लिहिलं, त्या परप्रांतीयाचं लिहिलं, त्याच्या कडेवरच्या झोपलेल्या पोराचंही लिहिलं, आणि पुढं गेला. काशीबाई हळूच म्हणाली, "मी आले बघ." मग नलूआत्याचा चेहरा पाहून तिनं पदराची गाठ सोडली आणि पेरूची अर्धी फोड तिला दिली. आता नलूआत्याला चेहरा पाडावा लागला नव्हता.

ती घरी पोचली तेव्हा जेवणं झाली होती. सुगंधानं वाढून घेतलं होतं. गोजराबाई म्हणाली, "कालवणात मीठ कमी पडलं आज." कुठं होतीस, असं कुणी विचारलं नाही. केसांत फलाटाची धूळ होती, तीही कुणाला दिसली नाही. फक्त अंथरुणावर पडल्यावर जमुना कुजबुजली, "आत्याआजी, तू कुठं गेलतीस?"

तेव्हा नलूआत्यानं तिला सगळं सांगितलं. पानं, अर्ज, हवालदार, बॅटरी. तिनं ते हसवायला सांगितलं होतं. पण पोर हसली नाही. ती फक्त म्हणाली, "म्हंजे गुरुजींचं चुकलं?" आणि छपराकडे बघत पडून राहिली. आपल्या गुरुजींचं चुकू शकतं, हे कळायला तिसरीच्या मुलाला थोडा वेळ लागतो.

तीन मार्चला गुरुजी परत आले. रविवार होता, सगळी घरातच होती. नलूआत्या आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली नाही. चहासुद्धा तिनं सुगंधाच्या हाती पाठवला.

"काही फरक?" गुरुजींनी विचारलं. "जन्म, मृत्यू?"

"काय नाय," पुंडलिक म्हणाला. "सगळं होतं तसंच हाय."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात जमुना पाटी घेऊन ओटीवर आली आणि गुरुजींच्या समोर, ते वर्गात उभे राहतात तशी, उभी राहिली.

"हजेरी," ती म्हणाली. "पुंडलिक."

सगळे हसले. आजोबा नातीचा लाड म्हणून मोठ्यानं म्हणाला, "हजर."

"गोजराबाई." हजर. "भगवंत." तो दाढी करत होता, तोंडाला साबण, तसाच म्हणाला, हजर. "सुगंधा." हजर. "जमुना," असं म्हणून तिनं स्वतःच हजर म्हटलं आणि पाटीवर रेघ मारली. खेळ संपला असं वाटून गुरुजी उठू लागले.

"नलू," जमुना म्हणाली.

आतला भाकरीचा आवाज थांबला. वर्गात नाव दोनदा पुकारायचं असतं, म्हणून जमुनेनं दुसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा पिठाच्या हातांनी नलूआत्या दारात आली. ती शाळेत कधी गेली नव्हती. तिनं भावाकडे पाहिलं नाही, गुरुजींकडेही नाही. पोरीकडे पाहून म्हणाली, "हजर."

गुरुजी खाली बसले. पंचवीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस. हजर म्हटलेल्या नावापुढची जागा त्यांना मोकळी सोडवेना. त्यांनी पुंडलिकला विचारलं, "ही कोण?"

पुंडलिकच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. ओटीवर सगळ्यांसमोर, गुरुजींच्या देखत विचारलं होतं. त्यानं अडकित्ता मिटला. मग खाली बघत म्हणाला, "भैन. माझी भैन हाय. सहा लिवा."

गुरुजींनी गठ्ठा सोडला, बेरीज खोडली आणि सहावं नाव लिहिलं. वय विचारलं तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. ते नलूआत्यानंच अंदाजानं सांगितलं.

बोलण्याचा आवाज ऐकून कमलाकांत मागून येऊन अंगणात उभे होते. जमुनेनं त्यांचंही नाव पुकारलं. "हजर," ते म्हणाले. गुरुजींनी या वेळी पानं किती, असं विचारलं नाही. नवा कागद घेतला आणि लिहिता लिहिता म्हणाले, "चूल नसली तरी चालतं. एकट्याचं कुटुंब."

"एकट्याचं कुटुंब," कमलाकांत म्हणाले, जणू परक्या भाषेतला शब्द पुन्हा म्हणून बघत आहेत.

"खोलीत आणखी कुणी?" गुरुजींनी सवयीनं विचारलं.

कमलाकांतांनी मागं वळून खोलीकडे पाहिलं. तेव्हा जमुनेनं पाटीवर नजर ठेवूनच पुढचं नाव पुकारलं. "एकनाथकाका."

गोजराबाईनं पोरीला गप्प करायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. जमुनेनं दुसऱ्यांदा पुकारलं. कमलाकांतांनी सदरा हातानं सारखा केला.

"गैरहजर," ते म्हणाले.

गुरुजींच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. त्यांनी पेन धरून ठेवलं, मग कागदाची घडी घातली आणि कुणाकडे न बघता निघून गेले. पण शाळेच्या हजेरीत गैरहजर मुलाचंही नाव असतं. ते खोडत नाहीत, त्याच्यापुढं नुसती खूण करतात. जमुनेनं ते नाव पाटीवर लिहिलं आणि पुढं 'गै' काढला.

"झाला ना खेळ?" गोजराबाई म्हणाली. "पूस ती पाटी नि उद्याची गणितं कर."

जमुनेनं पाटी उलटी केली आणि गणितं मागच्या बाजूला मांडली.